वर बर्फ, खाली नासलेलं दूध

प्रश्न : आमचा फ्रीज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, सात वर्षांचा आहे. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) त्याचं तंत्र बिघडलंय. वर फ्रीजरमध्ये बर्फ चांगला होतो, पण खाली सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळी नासतं. दुपारी मागून थोड्या थोड्या वेळाने 'टक्' असा आवाजही येतो. आखाजीला नणंदबाई मुलांसह महिनाभर राहायला आल्या होत्या, तेव्हापासूनच हे सुरू झालं. एक मेकॅनिक मागे हात लावून म्हणाला, गॅस संपलाय, साडेतीन हजार लागतील. दुसरा म्हणाला, कॉम्प्रेसर थकलाय, नवा फ्रीज घ्या. सासूबाई म्हणतात, "फ्रीजले बी ऊन लागनं व्हई." स्वयंपाकघर पत्र्याचं आहे. आमचे हे कामासाठी सुरतला असतात, त्यामुळे निर्णय मलाच घ्यायचाय. सासऱ्यांचं इन्शुलिन याच फ्रीजमध्ये आहे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, अमळनेर तालुका

ताई,

फ्रीजचं पुढे बघू, आधी इन्शुलिन. न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. तुमच्या खालच्या कप्प्यात तेवढा गारवा नाही, हे दूध रोज सांगतंय. तेव्हा आजच ते एका बंद डब्यात घालून, वर नाव लिहून, ज्यांचा फ्रीज धड चालतो अशा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. त्यांना सांगा, मधल्या फळीवर ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका. फ्रीजरमध्ये तर चुकूनही नको. 'वर तरी थंड आहे ना, मग वर ठेवू' असं तुमच्या मनात आलं असेल म्हणून सांगतो : एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यावं लागतं.

जी बाटली सध्या वापरात आहे, ती फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस प्रकारानुसार बदलतात, ते सोबतच्या कागदावर असतात. पण बाहेर म्हणजे ३० अंशांच्या आत. मे महिन्यात पत्र्याखाली ३० अंश आणायचे कुठून? इथे आपली कोरडी हवा कामाला येते. एका मातीच्या मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू पाण्याने ओली ठेवा. बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं टाका आणि हे सगळं सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. हवा जितकी कोरडी तितकं हे मडकं गार; पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की त्याचा उपयोग बराच कमी होतो. आणि जे इन्शुलिन आधीच इतके दिवस कोमट फ्रीजमध्ये राहिलंय, ते वापरायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. मधल्या काळात सासऱ्यांची साखर वाढलेली दिसत असेल तर तेही त्यांना सांगा.

आता तुमचा प्रश्न, कुणाचं ऐकू. दोन्ही मेकॅनिकपेक्षा सासूबाई सत्याच्या जास्त जवळ आहेत. पण मुख्य दुखणं बहुधा तिसरंच आहे, आणि त्याची खूण तुमच्याच पत्रात पडलीय : वर बर्फ होतो, खाली थंडावा नाही.

गॅस गेला किंवा कॉम्प्रेसर थकला तर फ्रीजरही मार खातो. तिथे बर्फ जमायला दुप्पट वेळ लागतो, कुल्फी मऊ राहते, ट्रेमधला बर्फ वरून कडक आणि आतून पाणी असा होतो. म्हणून आजच वरच्या ट्रेमधला एक तुकडा काढून फोडून बघा. आतपर्यंत टणक असेल आणि रात्रभरात तयार होत असेल, तर बहुधा गॅसही आहे आणि कॉम्प्रेसरही काम करतोय. नुसता मागे हात लावून 'गॅस संपला' म्हणणाऱ्याला इथेच थांबवायचं. फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा नव्हे. तो चालून चालून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

मग खाली थंडावा का नाही? फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडी तयार होण्याची जागा एकच असते, फ्रीजरच्या मागच्या पांढऱ्या पत्र्याआड. तिथे थंड नळ्यांची जाळी असते आणि तिच्याजवळ एक छोटा पंखा. पंखा थंड हवा फ्रीजरमध्ये ढकलतो आणि तिच्यातलाच थोडा वाटा एका बोळातून खाली सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते. वरून हवा आली तर तो गार, नाही आली तर ते नुसतं कपाट. म्हणजे तुमच्या फ्रीजमध्ये थंडी तयार होतेय, खाली पोचत नाहीये. ती वाटेत कुठे अडते तेवढं शोधायचं.

सगळ्यात आधी वरचं बटण बघा. नणंदबाई मुलांना घेऊन आल्या होत्या म्हणता. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, दुपारचं सरबत, रात्रीची कुल्फी; बर्फ किती लागला असेल याचा अंदाज मला इथे बसून येतो. त्या गडबडीत कुणीतरी फ्रीजरच्या आतलं गोल बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेलं असणार. अनेक डबल डोअर फ्रीजमध्ये ते बटण थंडी वाढवत नाही, हवेची वाटणी ठरवतं. ते जास्तीत जास्त वर नेलं की हवा वरच कोंडली जाते आणि खालचा वाटा घटतो. वर ते बटण मधोमध आणा. खालच्या कप्प्यातलं वेगळं बटण मात्र उन्हाळ्यात मधल्यापेक्षा एक घर पुढे असू द्या. बाहेरून टच पॅनल असलेल्या मॉडेलात ही वाटणी यंत्र स्वतः करतं, तिथे हा मुद्दा लागू नाही.

मग हवेची तोंडं. फ्रीजरमध्ये मागे आणि खालच्या कप्प्यात वरच्या बाजूला बारीक फटी असतात. त्यांच्यासमोर आमरसाचं पातेलं, कैऱ्यांची पिशवी किंवा भरताच्या वांग्यांचं पोतडं टेकलेलं असेल तर ते बाजूला करा. चार बोटं तरी मोकळी ठेवा. महिनाभर घर भरलेलं होतं, तेव्हा फ्रीजही गच्च भरला असेल आणि तसाच राहिला असेल.

दाराचं रबरही तेव्हाच तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अडून यायला हवी. सहज सुटली तर त्या जागी रबर ढिलं आहे. चारही कडांना असं करा, दोन्ही दारांना. मळलेलं रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं तरी पुष्कळदा पुन्हा चिकटतं. वाकलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरा. चिरलं असेल तर बदलायचं. हे स्वस्तातलं काम आहे.

एवढं करून दोन दिवस थांबा. सुधारलं तर संपलं. नाही सुधारलं, आणि मला वाटतं नाहीच सुधारणार, तर माझा संशय बर्फावर आहे. दिसणाऱ्या नव्हे, पत्र्याआडच्या.

फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होतच नाही असं नाही. मागच्या नळ्यांवर दव गोठतंच, फक्त ठरावीक वेळाने आतला एक छोटा हीटर आपोआप चालू होतो, ते वितळवतो आणि पाणी नळीने खालच्या ट्रेमध्ये जातं. हा हीटर किंवा त्याचा फ्यूज जळला, थंडी ओळखून त्याला चालू-बंद करणारा तुकडा, ज्याला मेकॅनिक बायमेटल म्हणतात, तो बिघडला, किंवा टायमर अडकला, की दव साचत जातं आणि नळ्यांवर बर्फाची भिंत उभी राहते. पंख्याची हवा त्या भिंतीतून जाऊ शकत नाही. वर फ्रीजर बर्फाला लागूनच असल्यामुळे तो बरेच दिवस थंड राहतो, खालचा कप्पा मात्र पहिल्या आठवड्यातच गरम होतो. तुमच्या पत्रातलं वर्णन याला तंतोतंत जुळतं. फ्रीजरच्या मागच्या पत्र्यावर पांढरं दव दिसतं का, पंखा कशाला तरी घासल्यासारखी खरखर येते का, तेही बघा. पंखा फिरतो की नाही हे कळायला फ्रीजरचं दार उघडून दाराच्या चौकटीतलं लाइटचं बटण बोटाने दाबून धरा. दार उघडताना बऱ्याच मॉडेलात पंखा थांबतो आणि बटण दाबलं की सुरू होतो. कॉम्प्रेसर चालू असताना बटण दाबूनही काहीच आवाज नाही, तर पंख्याकडे बोट दाखवावं लागेल.

बर्फाचा संशय खरा की खोटा हे पाहायला एकही रुपया लागत नाही, फक्त एक दिवस लागतो. सगळं सामान बाहेर काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी राहतील असा टेकू लावा आणि पूर्ण २४ तास तसंच ठेवा. आपल्या हवेत बर्फ लवकर वितळेल असं वाटतं, पण तो पत्र्याआड आणि थर्मोकोलच्या मागे असतो. घाई करू नका. समोर टेबल फॅन लावला तर चालेल. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उकळतं पाणी यांतलं काहीही नको. खाली जुनी लुगडी, टॉवेल पसरा आणि मागचा पाण्याचा ट्रे मधेमधे बघत राहा, तो भरून वाहतो. दुसऱ्या दिवशी आतून कोरडं पुसा, रिकामाच चालू करा, पाच-सहा तास चालू द्या आणि मग सामान भरा.

यानंतर काय होतं ते नीट पाहा, कारण उत्तर तिथेच आहे. फ्रीज छान थंड झाला आणि छानच राहिला, तर कुठलं तरी दार नीट न लागल्यामुळे किंवा सतत उघडझापीमुळे दव साचलं होतं. पोरं गेली, दुखणं गेलं. आठ-दहा दिवस चांगला चालून पुन्हा खालून गरम व्हायला लागला, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडलीय, हे जवळजवळ नक्की. मग मेकॅनिकला बोलावून तेवढंच सांगा : डिफ्रॉस्ट होत नाहीये, हीटर, बायमेटल, फ्यूज आणि टायमर मीटरने तपासा. नव्या मॉडेलात टायमरच्या जागी सेन्सर आणि बोर्ड असतो. बोर्ड महाग असू शकतो, बाकीचे तुकडे कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ. आणि २४ तासांनंतरही पहिल्या दिवसापासून खाली थंडावाच आला नाही, तर पंखा किंवा खाली हवा सोडणारी झडप पाहावी लागेल.

'छान थंड' हे हाताने ठरवू नका. बाहेर ४४ अंश असताना हाताला सगळंच थंड लागतं. एक साधा फ्रीजचा थर्मामीटर आणा. तापाचा चालत नाही, तो ३२-३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ३ ते ५ अंश म्हणजे उत्तम. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास हवं. दुपारी चारलाही एकदा वाचा.

चारलाच का, तर इथे सासूबाईंचं म्हणणं येतं. प्रत्येक फ्रीज कुठल्या हवेसाठी बनवलाय याचा एक वर्ग ठरलेला असतो आणि तो आतल्या लेबलवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला असतो. 'एन' वर्ग खोलीतल्या ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालचं स्वयंपाकघर, त्यात पेटलेली शेगडी, त्याहून तापतं. म्हणजे 'टी' वर्गाचा फ्रीजसुद्धा तिथे त्याच्या हद्दीबाहेर काम करतोय. अशा दुपारी कॉम्प्रेसर न थांबता चालला तर तो बिघाड नाही. सकाळी ४ अंश आणि दुपारी ९ असेल तर फ्रीजला खरंच ऊन लागतंय. सकाळीही ११-१२ असेल तर आतला बिघाड आहे. खान्देशातले निम्मे 'बिघडलेले' फ्रीज जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आपोआप दुरुस्त होतात, असं माझं मत आहे, आणि त्या आधीच्या महिन्यात पुष्कळांच्या खिशातून गॅसचे पैसे जाऊन चुकलेले असतात.

तेव्हा जमलं तर फ्रीज शेगडीपासून दूर न्या. पत्र्याच्या खोलीतून आतल्या धाब्याच्या खोलीत नेता आला तर फारच चांगलं. हलवताना उभाच ठेवा. मागे वीतभर, दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोडा. वाळवणाचे दिवस आहेत, बिबड्या-कुरडयांचे डबे आणि धान्याच्या गोण्या फ्रीजच्या मागे-बाजूला रचलेल्या मी पुष्कळ घरांत पाहतो. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये मागची काळी जाळी नसते, उष्णता बाजूच्या पत्र्यांमधून बाहेर पडते, म्हणून त्या बाजू हाताला चटका लागण्याइतक्या गरम होतात. ते बरोबर आहे. तिथे गोणी टेकली की ती उष्णता जाणार कुठे? वरचं विणलेलं कव्हर बाजूंवरून खाली लोंबत असेल तर तेही दुमडा.

कूलरबद्दल थोडं वेगळं. कूलर असलेल्या खोलीत फ्रीजला उन्हाचा त्रास कमी होतो हे खरं, पण ती हवा ओली असते आणि दार उघडलं की ओलावा आत शिरतो. त्यामुळे कूलरचा झोत थेट फ्रीजच्या दारावर येऊ देऊ नका. तुमच्या फ्रीजची दव वितळवणारी यंत्रणा आधीच लंगडत असेल, तर या ओलाव्याने भिंत अजून लवकर उभी राहील.

राहिला तो 'टक्'. तो फक्त दुपारी येतो असं तुम्ही लिहिलंय, आणि ही मोलाची नोंद आहे. थोड्या थोड्या वेळाने टक् वाजणं म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, आणि त्याचं संरक्षण करणारा ओव्हरलोडचा तुकडा त्याला बंद पाडतोय. दुपारी सगळ्या गावाचे कूलर आणि शेतातले पंप एकदम चालू असतात. लाइनीच्या टोकाच्या घरांत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पडतो. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. ती १८० च्या खाली आली की साध्या कॉम्प्रेसरला उठणं जड जातं. वायरमनला मीटर घेऊन दुपारी तीनला बोलवा, सकाळी नव्हे. दाब पडत असेल तर फ्रीजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्या, तोही वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून सुरू करणारा. कारण वीज जाऊन लगेच आली की नळ्यांमधला दाब उतरलेला नसतो आणि तेव्हाही कॉम्प्रेसर अडखळतो. एक्स्टेन्शनच्या बारीक वायरीवर फ्रीज चालवू नका. आणि व्होल्टेज पुरेसं असूनही टक् येतच राहिला, तर रिले (कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा तुकडा) आणि ओव्हरलोड बदलून पाहायला सांगा. कॉम्प्रेसर 'थकला' म्हणणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकने आधी हे दोन तुकडे तपासायला हवे होते.

ज्यांच्याकडे एका दाराचा साधा फ्रीज आहे त्यांना यातलं पंखा-हीटर प्रकरण लागू नाही. त्यांच्या वरच्या खणातला बर्फ साधारण अर्धा सेंटीमीटर जाड झाला की मधलं डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं, एवढंच. सुरीने बर्फ उकरताना ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडतं आणि तेव्हा मात्र गॅस खरोखरच जातो.

तुमच्याकडेही तपासणीनंतर गॅसच निघाला, तर पैसे देण्याआधी मेकॅनिकला विचारा : गळती कुठे सापडली, आणि ड्रायर फिल्टर (नळ्यांमधला ओलावा शोषणारा तुकडा) बदलणार का? नळी कापून गॅस भरायचा तर फिल्टर नवा लागतो, पंपाने आतली हवा पूर्ण काढावी लागते आणि गॅस काट्यावर मोजून भरावा लागतो, अंदाजाने नाही. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर कुठला गॅस ते लिहिलेलं असतं. 'आर-६००ए' आणि ज्वाळेचं चिन्ह दिसलं तर तो पेट घेणारा गॅस आहे. तो फ्रीजमध्ये थोडासाच असतो, पण बंद खोलीत, पेटत्या शेगडीशेजारी त्या नळीवर वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. त्या कामासाठी फ्रीज अंगणात आणायला लावा. तयार नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातला माणूस बोलवा. जुनं बिलही शोधून ठेवा : बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी देतात, तुमचा फ्रीज सातचा आहे. त्यात गॅस आणि मजुरी बहुधा येत नाही, पण कॉम्प्रेसरचाच दोष निघाला तर मोठा खर्च वाचेल.

बर्फ वितळवून फ्रीज पुन्हा चालू केल्यावर सकाळचा आणि दुपारी चारचा आकडा आठवडाभर कागदावर लिहा, शेजारी दुपारचं व्होल्टेज. तो कागद मला पाठवा, आणि मेकॅनिक आला की त्यालाही आधी तोच दाखवा.